कानाची 'बटणवाली टेस्ट' करायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

"मॅडम, ती कानाची बटणवाली टेस्ट कितीला करता?" असा फोन आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं मोजणारी, आहे, इचलकरंजीच्या बाजूला प्रॅक्टिस करते, त्यामुळे माझ्याकडे यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले काका-आजोबा भरपूर येतात, आणि येताना बाहेर रिक्षा थांबवून येतात, दहा मिनिटात होईल म्हणून. त्यांना आधी रिक्षावाल्याला पैसे देऊन सोडायला सांगते. कारण बटणवाली टेस्ट हा पूर्ण तपासणीतला फक्त एक तुकडा आहे, सगळं नीट करायचं तर तासभर जातो, कधी दीडसुद्धा. आणि कानाचं मशीन घ्यायचं असो, दिव्यांग सर्टिफिकेट काढायचं असो, नाहीतर नुसतंच "बायको म्हणते तुम्हाला ऐकू येत नाही" एवढंच असो, तुकडा करून घेऊन घरी जाऊ नका एवढं सांगायला हा सगळा खटाटोप.

तुकड्यावर भागवलं की काय होतं ते आमच्याच घरात झालंय. मी शाळेत होते तेव्हा आजोबांना एका दुकानात 'फ्री टेस्ट' करून तिथल्या तिथे मशीन गळ्यात मारलं. कानात कोणी बॅटरी मारून बघितलं सुद्धा नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं तर एका कानात मळाचा बुच्चा आणि दुसऱ्या कानाचा पडदा फाटलेला. मशीन पुढे कितीतरी वर्षं पानाच्या डब्यात पडून होतं, सुपारीच्या शेजारी.

आधी एक घाईची गोष्ट

बाकीचं निवांत वाचा पण हे आधी. काल ठीक होतं आणि आज सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकूच येईना, किंवा कान भरल्यासारखा गच्च झाला, सोबत शिट्टी वाजतेय, गरगरतंय, असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ईएनटी (कानाचा डॉक्टर) गाठायचा. कधी कधी नुसता मळ निघतो, मग बरंच झालं. पण आतली नस दुखावली असेल तर स्टिरॉइडची ट्रीटमेंट जितकी लवकर सुरू होईल तितकं परत येण्याची शक्यता जास्त. "सर्दीने असेल, तेल घाला, बघू आठ दिवस" करत महिन्याने आलेले लोक बघितले की जीव तुटतो.

कोणाकडे जायचं

यात लोकांचा जाम घोळ होतो. ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. पू येतोय, पडद्याला भोक आहे, मळ काढायचाय, गोळ्या, ऑपरेशन हे सगळं त्यांचं खातं. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याचं मोजमाप करणारे आणि मशीन बसवून देणारे, आमची डिग्री वेगळी असते, बीएएसएलपी म्हणतात, आम्ही औषध लिहून देत नाही. आणि तिसरं म्हणजे मशीनचं दुकान, तिथे आत ऑडिओलॉजिस्ट बसलेला असेल तर उत्तमच, नसेल तर तिथे फक्त विक्री होते. ओळखायचं कसं? आमचं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असतं, १९९२ च्या कायद्याने ते लागतंच, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं. दिसलं नाही तर विचारा की, त्यात लाजायचं काय.

सरकारीत करायचं तर मेडिकल कॉलेजचा ईएनटी विभाग किंवा जिल्ह्याचं सिव्हिल, जायच्या आधी ऑडिओलॉजिस्ट कुठल्या वारी असतात ते फोन करून विचारून घ्या नाहीतर खेप फुकट. मुंबईत बांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, राष्ट्रीय पातळीची, तिथे लहान बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची तपासणी होते, फक्त सकाळी लवकर जायची तयारी ठेवा.

जायच्या आधी

पहिलं म्हणजे कानात तेल घालू नका! टेस्ट आहे म्हणून आदल्या रात्री "कान साफ होऊ दे" म्हणून कोमट तेल सोडून येणारे इतके असतात की मी आता फोनवरच सांगते. तेलाने आतलं काही दिसत नाही, टेस्टची टोकं खराब होतात, आणि पडद्याला भोक असेल तर तेल सरळ आत. बड्स, काडी, हेअरपिन, गाडीची किल्ली (हो, किल्ली) यातलं काहीच नको. मळ असेल असं वाटलं तर एक-दोन दिवस आधी ईएनटीकडून काढून घ्या म्हणजे एकाच खेपेत काम होतं.

दुसरं म्हणजे आवाज. टेस्टच्या आधी निदान १४-१६ तास मोठ्या आवाजापासून लांब. आदल्या रात्री मिरवणुकीत डीजेसमोर नाचून सकाळी टेस्टला आलात तर कान तात्पुरते बसलेले असतात आणि ग्राफ आहे त्यापेक्षा वाईट येतो. मागावर काम करणाऱ्यांनी रात्रपाळी संपवून सरळ येऊ नये, सुट्टीच्या दिवशी सकाळी यावं. ढोल पथकातल्या पोरांना तर मी गणपती झाल्यावर थोडे दिवस जाऊ देऊनच बोलावते. सर्दीने नाक चोंदलं असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या, कोणी रागवत नाही.

तिसरं, सोबत कोणीतरी घरचं माणूस आणा. रोज एका छताखाली राहणारं. लांबून आलेला मुलगा उपयोगाचा नाही, तो बिचारा फोनवर बोलतो आणि फोनवर बाबा "हं हं" करतात. आणि पिशवीत जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (चिठ्ठी नको, पट्ट्याच आणा, चिठ्ठीवरचं अक्षर मलाही लागत नाही), असेल तर जुनं मशीन, बंद पडलेलं असलं तरी आणा.

खुर्चीत बसल्यावर आधी गप्पा

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं नुसती विचारपूस असते, लोकांना वाटतं टाइमपास चाललाय. पण अर्धं निदान इथेच होतं. कधीपासून, एका कानाने की दोन्ही, शिट्टी किंवा रातकिड्यासारखा आवाज येतो का, चक्कर येते का, घरात अजून कोणाला आहे का. लहानपणी गालगुंड झाले होते का, कारण गालगुंडाने एक कान पूर्ण जाऊ शकतो आणि माणसाला ते पुढे कधीतरी फोन त्या कानाला लावल्यावर कळतं. टीबीची इंजेक्शनं झाली होती का, कॅन्सरची केमो झाली का, आयसीयूत राहून आलात का, यातली काही औषधं आतल्या कानाला लागतात, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, सिसप्लॅटिन अशी नावं पट्टीवर किंवा डिस्चार्ज कार्डवर असली तर दाखवाच. बायकांना मी विचारते बाळंतपणानंतर कमी झालं का, कारण कानातलं सगळ्यात लहान हाड घट्ट बसण्याचा एक आजार आहे, तो बायकांत जास्त दिसतो आणि गरोदरपणानंतर वाढलेला आढळतो, आणि त्यावर ऑपरेशन आहे.

इथे हमखास जुगलबंदी होते. काका म्हणतात "मला सगळं ऐकू येतं, ही पुटपुटते", काकू म्हणतात "ह्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं". गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं, कसं ते पुढे सांगते.

कानात डोकावणं आणि 'डोंगराची' टेस्ट

मग ओटोस्कोप, म्हणजे बॅटरी असलेली दुर्बीण. कान थोडा वर-मागे ओढून पडदा बघतात. मळ, बुरशी, भोक, पू, कधी मुलांच्या कानात शेंगदाणा किंवा मणी. असं काही दिसलं तर बरेचदा टेस्ट तिथेच थांबवून आधी ईएनटीकडे पाठवतात, तुम्ही "आता आलोच आहे तर करून टाका ना" म्हणाल, पण मग त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

त्यानंतर टिम्पॅनोमेट्री. कानात रबराचं बोंडूक घट्ट बसवतात, हवेचा दाब कमीजास्त होतो, विमान किंवा घाटात कान दडतात तसं वाटतं, काही सेकंदात संपतं. तुम्ही काहीच करायचं नाही. बोलायचं नाही, गिळायचं नाही, मान हलवायची नाही. मशीनमधून छोटा ग्राफ निघतो. मध्ये छान डोंगर आला तर पडदा नीट हलतोय, त्याला ए टाइप म्हणतात. डोंगरच नाही, सपाट रस्ता, तर बी टाइप, पडद्यामागे पाणी किंवा भोक असू शकतं. डोंगर आहे पण डावीकडे सरकलाय तर सी, म्हणजे नाकामागून कानाला हवा पोचवणारी नळी नीट उघडत नाहीये. सतत सर्दी असणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या, टीव्ही मोठा लावणाऱ्या शाळकरी पोरांत हा सपाट रस्ता फार दिसतो, आणि बाई म्हणतात "वर्गात लक्ष नाही". पोराच्या कानात पाणी आहे बाई.

त्याच बोंडकातून मग काही मोठे आवाज सोडतात, दचकू नका, कानातल्या एका बारक्या स्नायूची झटका द्यायची सवय शाबूत आहे का ते बघायचं असतं.

आता ती बटणवाली

हिचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री, सगळे पीटीए म्हणतात. तुम्हाला एका साउंडप्रूफ खोलीत बसवतात, दार लावल्यावर एकदम सुन्न शांत होतं, काहींना कोंडल्यासारखं वाटतं, तसं वाटलं तर लगेच सांगा, काचेतून आम्ही दिसत असतोच. कानातलं, चष्मा, हेअरपिन काढायचं. लाल हेडफोन उजव्या कानावर, निळा डाव्यावर. हातात बटण. आवाज आला की दाबायचं, संपला की सोडायचं.

सूचना एवढीच, पण लोक जे चुकतात ते इथेच. आवाज अगदी बारीक, "आला की नाही आला कोण जाणे" असा असला तरी दाबायचं, कारण आम्हाला तुमची हीच कड शोधायची असते. बरेच जण स्पष्ट ऐकू येईपर्यंत थांबतात, परीक्षेत चूक नको म्हणून. आणि दुसरे असतात ते न येताच दाबतात, पास व्हायला. दोन्ही नको. यात पास-नापास काही नाहीये.

चांगल्या कानापासून सुरुवात होते, पहिला सूर १००० हर्ट्झचा (हर्ट्झ हे सुराच्या उंचीचं माप, डेसिबल हे आवाजाच्या जोराचं). दाबलं की आम्ही आवाज १० डेसिबलने खाली आणतो, नाही दाबलं की ५ ने वर, असं खाली-वर करत करत तुमची कड पकडतो. मग पुढचा सूर. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगायचं तर २५० म्हणजे साधारण पांढरी एकचा मध्य षड्ज आणि ८००० म्हणजे तिथून पाच सप्तकं वर, पेटी तिथवर पोचतच नाही.

एक काका आठवतात, पस्तीस वर्षं साध्या मागावर. डोळे मिटून बसले आणि बटण सुरू, खटक, खटक, खटक, अगदी एका लयीत. मी तर काहीच पाठवलं नव्हतं. काच ठोकून थांबवलं, आत जाऊन विचारलं काका काय ऐकू येतंय, तर म्हणाले "धोटा" (मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो). कानातल्या रातकिड्याला त्यांनी मागाचा ताल लावला होता. म्हणून आम्ही आवाज मुद्दाम अनियमित सोडतो, मध्ये लांब गॅप टाकतो, कोणाला ताल सापडू नये असा. तुम्हाला कानात शिट्टी असेल तर आधी सांगा, आम्ही तुटक-तुटक सूर वापरतो म्हणजे फरक कळतो.

हेडफोनचं झालं की कानामागच्या हाडावर एक छोटी डबी लावतात, पट्टा जरा घट्टच असतो, डोकं आवळतं. ही बोन कंडक्शन. यात आवाज पडद्याला वगळून हाडातून सरळ आतल्या कानाला जातो. (रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज परका वाटतो ना, ते यामुळेच, एरवी आपण आपला आवाज हाडातूनही ऐकत असतो.) हेडफोनने कमी येतंय पण हाडातून छान येतंय, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या भागात, म्हणजे मळ, भोक, पाणी, हाड घट्ट, यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. दोन्हीकडून सारखंच कमी, तर प्रॉब्लेम आतल्या कानात किंवा नसेत. ही एक पायरी गाळली की अडथळा कुठे आहे ते नीट कळतच नाही आणि 'फ्री टेस्ट'मध्ये बरेचदा हीच गाळलेली असते!

मधेच दुसऱ्या कानात पावसाच्या सरीसारखा फस्स आवाज सोडतील. त्याला मास्किंग म्हणतात. कारण कवटी एकच, एका बाजूला लावलेली डबी दोन्ही कानांना ऐकू जाते, मग चांगला कान वाईट कानाच्या वतीने चोरून उत्तर देतो. पावसाकडे दुर्लक्ष करायचं, बीपलाच दाबायचं. इथे लोक कंटाळतात, मान्य आहे, थकलात तर दोन मिनिटं ब्रेक मागा, पाणी प्या.

शब्दांची टेस्ट

आता काका-काकूंच्या भांडणाचा निकाल. बीप ऐकणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं, म्हणून हेडफोनमधून शब्द सांगतात आणि तुम्ही तसाच्या तसा परत म्हणायचा. आधी आवाज कमी करत करत कुठपर्यंत अर्धे शब्द पकडता ते बघतात, मग आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात छोट्या शब्दांची यादी, त्याचे टक्के काढतात.

वयाने किंवा गोंगाटाने कान गेले की आधी वरचे सूर जातात. आपल्या बोलण्यातले स्वर, आ-ऊ-ओ, खालच्या सुरांत आणि दणकट असतात, पण स, श, फ, त, थ हे व्यंजनांचे बारीक सुस्कारे वरच्या सुरांत. म्हणजे शब्दाचा आवाज पोचतो पण कडा उडालेल्या असतात. "सात वाजता या" सांगितलं की काका आठला येतात, मला हे अक्षरशः झालंय, पाठ, साठ, काठ सगळे भाऊ-भाऊ वाटतात. म्हणून काका म्हणतात आवाज येतो, पुटपुटतात लोक. आणि काकू म्हणतात मी बोलले ते कळलंच नाही. दोघंही बरोबर.

अंदाजाने बोलायला हरकत नाही, "फूल की मूल" असं वाटलं तर जे वाटलं ते म्हणा. फक्त माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. आमच्याकडच्या मागवाल्यांना इतक्या वर्षांच्या खडखडाटात ओठ वाचायची अशी सवय लागलेली असते की काचेपलीकडून माझे ओठ वाचून शंभरपैकी शंभर घेतात, मग मी फाईल तोंडासमोर धरते आणि लगेच चेहरा पडतो. आणि हो, टेस्ट तुमच्या भाषेत व्हायला हवी. घरी मराठी बोलणाऱ्या आजीला इंग्लिश किंवा हिंदी शब्दांची यादी लावली तर मार्क कानाचे नाही, भाषेचे कमी येतात. मराठीत करा म्हणून सांगा, याद्या असतात.

जास्तीच्या टेस्ट, सगळ्यांना लागत नाहीत

ओएई: कानात बारीक टोक, एक-दोन मिनिटं. आतल्या कानाच्या केसपेशी आवाज मिळाला की स्वतःसुद्धा अगदी बारीक आवाज परत सोडतात, १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी हे दाखवून दिलं, तोच आवाज पकडायचा. बेरा: कपाळाला आणि कानामागे स्टिकर लावून आवाजाचा निरोप नसेतून मेंदूच्या बुडापर्यंत पोचतो का ते बघायचं. आया घाबरतात, "बाळाला शॉक देणार का?" नाही हो, आम्ही काही देत नाही, फक्त घेतो, ईसीजीसारखं. बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी सकाळपासून जागं ठेवा, रिक्षात झोपू देऊ नका, दूध इथे आल्यावर पाजा. झोपेचं औषध लागलंच तर डॉक्टरांच्या देखरेखीतच.

बाळांचं जगभर १-३-६ धरतात, पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. घरी पाठीमागे थाळी वाजवून "बघा वळला, ऐकतो" ही टेस्ट कृपया बंद करा. थाळीचा आवाज दणदणीत असतो, शिवाय हवेचा झोत आणि सावली असते, आणि थाळीला वळणाऱ्या बाळाला आईचं बोलणं कळतच असेल असं काही नाही.

मोठ्यांत एकाच कानाने कमी येत असेल किंवा एकाच कानात शिट्टी असेल तर बेरा किंवा एमआरआय सांगतील, क्वचित नसेवर छोटी गाठ असते (बहुतेक कॅन्सरची नसते), ती नाही ना एवढं बघायला.

"मॅडम, किती टक्के ऐकू येतं?"

रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न. टक्के नसतात हो! ग्राफवर डावीकडून उजवीकडे सूर, खर्जाकडून तारेकडे, आणि वरून खाली डेसिबल. उलटा ग्राफ आहे, रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. ४० डेसिबल आलं म्हणजे ४० टक्के गेलं असं अजिबात नाही, ४० चा अर्थ तो सूर ऐकायला तुम्हाला चांगल्या तरुण कानापेक्षा साधारण इतका जास्त जोर लागतो. आणि डेसिबलची पट्टी साधी नसते, दर १० ला आवाजाची ताकद दहापट होते. शून्य म्हणजे शांतता नाही, ती तरुण कानांची सरासरी कड आहे, काही पोरं उणे ५ सुद्धा आणतात.

ढोबळमानाने, साधारण २५ पर्यंत बरं, ४० पर्यंत सौम्य, ७० पर्यंत मध्यम ते जास्त, ९० च्या पुढे अतितीव्र. वेगवेगळे लोक जरा वेगळ्या रेघा मारतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नॉर्मलची रेघ २० वर आणली, त्यामुळे दोन ठिकाणच्या रिपोर्टवर शब्द वेगळे दिसले तरी घाबरू नका, आकडे ताडून बघा. ग्राफवर केळ्याच्या आकाराचा एक पट्टा रंगवलेला असला तर तो बोलण्याचा पट्टा, तुमची रेघ त्याच्या खाली गेली की तेवढे आवाज निसटतात. आणि ४००० हर्ट्झपाशी रेघेला एकदम खड्डा दिसला तर तो गोंगाटाचा शिक्का समजा. मागवाल्यांच्या रिपोर्टात मला तो नाव न वाचता ओळखता येतो.

टक्के लागतात ते दिव्यांग सर्टिफिकेटला, २०१६ च्या कायद्याप्रमाणे सवलतींसाठी निदान ४० टक्के. ते वेगळ्या सूत्राने काढतात, त्यात चांगल्या कानाला वाईट कानाच्या पाचपट वजन असतं, म्हणून एकच कान पूर्ण गेलाय आणि दुसरा ठणठणीत आहे तर ४० भरत नाहीत, त्यावरून आमच्याशी भांडू नका. आणि एसटीच्या पाससाठी मुद्दाम बटण न दाबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की पीटीए आणि शब्दांची टेस्ट जुळली नाही की आम्हाला कळतं, आणि मग बेरा होते. बेराला बटण नसतं.

झालं, आता पुढे?

रिपोर्ट देताना समजावून सांगायला लावा, तुमचा हक्क आहे. तीन गोष्टी विचारा: अडथळा कुठे आहे, औषधाने किंवा ऑपरेशनने सुटेल का, आणि नसेल तर मशीनने मला शब्द किती कळतील. तिसऱ्याचं उत्तर शब्दांच्या टक्क्यांत असतं, म्हणून मशीनवाला ती टेस्ट न करता लाखाची जोडी दाखवायला लागला तर उठून या. मशीन सांगितलं तरी त्याच दिवशी घेऊ नका. ट्रायल मागा, आणि ट्रायल त्या शांत खोलीत नको, बाहेर रस्त्यावर, चहाच्या टपरीवर घ्या, जमलं तर घरी नेऊन कुकर, टीव्ही आणि नातवंडं एकदम चालू असताना. सगळं ठीक आलं तरी मागावर किंवा डीजेत काम असेल तर दरवर्षी एकदा परत करा.

आणि शेवटचं, कागद सांभाळा. जुना ग्राफ नसेल तर आता वाढलंय की तितकंच आहे हे आम्हाला कोणालाच सांगता येत नाही. डोंगराचा तो छोटा कागद बऱ्याच ठिकाणी एटीएमच्या पावतीसारखा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात, लॅमिनेट केला तर काळा पडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो घ्या, आणि मूळ कागद गोळ्यांच्या पिशवीत ठेवा.